यंत्र चेंडू मोजते, मुलाकडे कोण बघणार?

गोल्फ शिकवणाऱ्याने आता आपला डोळा आणि आपला अंदाज बाजूला ठेवावा, यंत्राने दिलेले आकडे मुलासमोर मांडावेत आणि गप्प बसावे, असा युक्तिवाद मुंबई-पुण्याच्या क्लबांत आणि नव्याने निघालेल्या अकादम्यांत जोरात चालू आहे. मांडणारे लोक अभ्यासू आहेत. त्यांना मुलांचे वाईट व्हावे असे वाटत नाही. पालकांना तर हे म्हणणे लगेच पटते, कारण प्रत्येक तासाचा छापील हिशेब हातात पडतो. तरीही हा युक्तिवाद मुळात चुकलेला आहे, आणि तो का चुकलेला आहे हे कुणीतरी सविस्तर सांगायला हवे.

मी मूळचा कुडपणचा. पोलादपूरहून प्रतापगडाच्या अंगाला डोंगरात शिरले की लागणारे हे गाव. आमच्याकडे गोल्फ नाही, कधी नव्हता. खेळायला सपाट जागा म्हणजे भात कापून झाल्यावरची खाचरे, आणि तिथे कबड्डी किंवा क्रिकेट. पोटापाण्यासाठी इथली घरेच्या घरे मुंबईला गेली, तसा मीही गेलो आणि गोल्फच्या मैदानावर लागलो. आज मुलांना शिकवतो. चेंडू मोजणारे रडार वापरतो, मोबाइलवर संथ चित्रणही करतो. तेव्हा पुढचे लिहिणे हे यंत्राला घाबरणाऱ्या माणसाचे आहे असे कुणी समजू नये.

आधी समोरच्याची बाजू, तीही तिच्या पूर्ण जोरानिशी. चेंडू आणि क्लब, म्हणजे गोल्फची काठी, यांची गाठ जेमतेम अर्धा मिलीसेकंद पडते. खाली येणाऱ्या स्विंगला पाव सेकंदाच्या आसपास वेळ लागतो. एवढ्या वेळात काय घडले ते माणसाच्या डोळ्याला दिसूच शकत नाही. डोळा फक्त समजूत करून घेतो. डेन्मार्कमध्ये 2003 साली सुरू झालेल्या ट्रॅकमनने डॉप्लर रडार गोल्फच्या रेंजवर आणले आणि क्लबचा वेग, क्लबची वाट, त्याच्या तोंडाचा म्हणजे चेंडूला लागणाऱ्या पृष्ठभागाचा कोन, चेंडूचा वेग, फिरकी, उंची, सगळे क्षणात पडद्यावर येऊ लागले. त्यातून जुन्या शिकवणीतली एक मोठी चूक उघडी पडली. कित्येक पिढ्या प्रशिक्षक सांगत आले की क्लब ज्या वाटेने जातो त्या दिशेने चेंडू निघतो आणि तोंडाच्या कोनाने तो पुढे वळतो. मोजमापाने दाखवले की चेंडू निघण्याची दिशा मुख्यतः क्लबच्या तोंडावर ठरते, आयर्नने सुमारे तीन चतुर्थांश आणि ड्रायव्हरने त्याहूनही जास्त. वळण येते ते तोंड आणि वाट यांच्यातल्या फरकामुळे. म्हणजे चेंडू उजवीकडे निघतोय म्हणून हजारो मुलांची वाट बदलली गेली आणि खरा दोष मनगटाच्या ठेवणीत तसाच राहिला.

हा उपकार मोठा आहे आणि तो मी मान्य करतो. 'आम्हाला हाताला कळते, यंत्र कशाला' असे म्हणून आजही जुनेच सांगणारे शिक्षक आहेत. मन, श्वास, एकाग्रता अशा गोड शब्दांखाली ते आपले अज्ञान झाकतात. त्यांचीही बाजू मी घेणार नाही. मुलाच्या मनाबद्दल तासभर बोलून त्याची पकड न बघणारा प्रशिक्षक मुलाचे तेवढेच नुकसान करतो.

पण यंत्राने चेंडूचा नियम सुधारला, म्हणून यंत्राने शिकवावे, ही उडी कशी मारता येते? निदान आणि उपचार यांतला फरकच तिथे पुसला जातो. क्लबचे तोंड आघाताच्या क्षणी चार अंश उघडे होते, एवढे रडार सांगते. ते का उघडे होते, हे रडारला माहीत नाही. पकड सैल असेल. खांदे वेळेआधी वळत असतील. मुलाच्या हातातला क्लब बापाचा, म्हणजे त्याच्यासाठी लांब आणि जड असेल. मागच्या आठवड्यात पाय मुरगळला आणि घरी सांगायची भीती वाटली, असेही असेल. ही चारही कारणे पडद्यावर एकाच आकड्याने दिसतात आणि प्रत्येकाचा उपाय वेगळा आहे. आकडा बघून लगेच 'तोंड बंद कर' असे सांगणारा प्रशिक्षक त्या मुलाला मनगट वळवायला लावतो, पुढचा चेंडू सरळ जातो, आकडा हिरवा होतो आणि सगळे खूश होतात. मुरगळलेला पाय तसाच राहतो.

याहून मोठा घोटाळा मॅटवर होतो. बंद खोलीतल्या सिम्युलेटरमध्ये किंवा रेंजवर मूल प्लास्टिकच्या हिरव्या मॅटवर उभे असते. चेंडूच्या दोन बोटे मागे क्लब टेकला तरी मॅटवर तो घसरून पुढे जातो आणि चेंडू बऱ्यापैकी उडतो. रडार ते आकडे इमानाने दाखवते. तोच फटका गवतावर मारला की क्लब मातीत रुततो, वीतभर ढेकूळ निघते आणि चेंडू पायापाशी पडतो. मॅटवर शेकडो चेंडू मारून, सगळे आकडे ठीक आणून, पहिल्यांदा खऱ्या मैदानावर गेलेली मुले तिथे रडकुंडीला आलेली मी पाहिली आहेत. त्यांना वाटते आज आपला दिवस वाईट आहे. दिवसाचा काही दोष नसतो. मैदानाने तो दोष पहिल्यांदा दाखवलेला असतो, इतकेच.

आणि मैदान कुठे सपाट असते? आपल्याच रायगड जिल्ह्यात खारघरला सिडकोचे गोल्फ मैदान डोंगराच्या पायथ्याशी आहे. तिथे चेंडू कधी पायांपेक्षा वर असतो, कधी खाली, कधी एक पाय चढावर. चेंडू पायांच्या वर असला तर उजव्या हाताने खेळणाऱ्याचा फटका डावीकडे ओढला जातो. उतारावर उभे राहिले की चेंडू ठेंगणा निघतो आणि हिरवळीवर थांबत नाही. हे ज्ञान पुस्तकात वाचता येते, पण अंगात यायला पाय लागतात. कुडपणला पावसाळ्यात खाचराच्या बांधावरून चालणाऱ्या पोराचा पाय पुढची माती धरणार की निसटणार हे डोक्याआधी ओळखतो. ग्रीनवरचा उतार खेळाडूची बॅग वाहणारा अनुभवी कॅडी तसाच ओळखतो. चेंडू आणि होल यांच्या मध्ये चालत जातो, वजन कुठल्या टाचेवर येते ते बघतो आणि मग सांगतो, 'उजवीकडून दोन बॉल.' पटिंगच्या शिकवणीत एमपॉइंट नावाची जी पद्धत जगभरच्या व्यावसायिकांनी उचलली, तीही दोन पायांवरच्या भारावरून उतार ओळखायला शिकवते. म्हणजे मोजमापाच्या वाटेने निघालेली माणसेही शेवटी पायांपाशी आली. आमच्या अकादम्या मात्र मुलाला एका जागी उभे करतात, एकाच सपाट मॅटवर, पडद्याकडे तोंड करून.

'निदान आकड्याने मूल लवकर शिकते' असे यावर उत्तर येते. या उत्तरापाशी जरा थांबायला हवे, कारण ते ऐकायला सगळ्यांत बिनतोड वाटते आणि पुराव्यावर सगळ्यांत लवकर ढासळते.

हालचाली माणूस कसा शिकतो यावर गोल्फबाहेर भरपूर संशोधन झालेले आहे. कॅरोली विन्स्टीन आणि रिचर्ड श्मिट यांनी 1990 मध्ये प्रसिद्ध केलेले प्रयोग या क्षेत्रात सर्वांना माहीत आहेत. एका गटाला प्रत्येक प्रयत्नानंतर निकाल सांगितला, दुसऱ्याला साधारण निम्म्याच प्रयत्नांनंतर. सराव चालू असताना दोघांत फार फरक दिसला नाही. नंतर, निकाल न सांगता परीक्षा घेतली तेव्हा कमी वेळा सांगितलेला गट सरस ठरला. कारण सरळ आहे. प्रत्येक प्रयत्नानंतर बाहेरून उत्तर मिळत गेले की माणूस स्वतःच्या अंगाला विचारणे सोडून देतो. गॅब्रिएल वुल्फ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1999 मध्ये तर नवशिक्यांना गोल्फचाच छोटा फटका शिकवून पाहिला. ज्यांनी क्लबच्या झोक्याकडे लक्ष ठेवले ते, आपल्या हातांच्या हालचालीकडे लक्ष ठेवणाऱ्यांपेक्षा अचूक ठरले.

आता आपल्या रेंजवर या. बारा वर्षांचा मुलगा फटका मारतो. चेंडू अजून हवेत आहे, पण त्याची मान आधीच बाजूच्या पडद्याकडे वळली आहे. फटका संपल्यावर क्षणभर तोल धरून उभे राहायचे असते. तेवढाही तो थांबत नाही. चेंडू कुठे पडला ते त्याने पाहिले नाही, फटका हाताला कसा लागला ते त्याला आठवत नाही. तुम्ही विचारा, 'कसा वाटला?' तो पडदा वाचून दाखवतो. या मुलाला स्पर्धेच्या दिवशी पडदा मिळणार नाही. गोल्फच्या नियमांत फेरी चालू असताना सल्ला कोणाकडून घेता येईल यावर कडक बंधने आहेत. खेळाडू, त्याचा कॅडी, आणि काही स्पर्धांत केवळ अंतर सांगणारे उपकरण, एवढीच सोबत. चार-साडेचार तासांच्या फेरीत त्याला आपला दोष आपल्यालाच ओळखायचा असतो, आणि नेमके तेच काम आपण सरावात यंत्राला देऊन टाकले आहे.

मग यंत्राच्या बाजूचे लोक म्हणतात, मनाची तयारी हवीच आहे, त्यासाठी वेगळा मानसतज्ज्ञ ठेवा, शरीरासाठी वेगळा ट्रेनर ठेवा, आहारासाठी आणखी एक. ज्याला परवडते त्याने जरूर ठेवावा. पण या तिघांची माहिती एका डोक्यात कुठे एकत्र येते? बोर्डाच्या परीक्षेच्या महिन्यात मुलगी चार तास झोपते, तिचा क्लबचा वेग पडतो, ट्रेनर व्यायाम वाढवतो, प्रशिक्षक ड्रायव्हर बदलायला सांगतो. प्रत्येक जण आपापल्या आकड्यापुरता बरोबर असतो. मुलीला झोप हवी असते. तिला दर आठवड्याला बघणारा, तिच्या आईशी बोलणारा एक माणूस असता तर त्याने हे पाच मिनिटांत ओळखले असते. समग्र प्रशिक्षण म्हणून मी ज्याचा आग्रह धरतो ते एवढेच आहे. त्यात गूढ काही नाही.

याचे मोठे उदाहरण हवे असेल तर अनिर्बान लाहिरीकडे बघा. जन्म पुण्याचा, 1987 चा, वडील सैन्यदलात डॉक्टर. गोल्फची ओळख वडिलांनीच करून दिली. पुढे विजय दिवेचा या एका प्रशिक्षकाने त्याला वर्षानुवर्षे घडवले. लाहिरी विपश्यना करतो हे त्याने स्वतः अनेकदा सांगितले आहे. 2015 च्या पीजीए चॅम्पियनशिपमध्ये तो संयुक्त पाचवा आला. तोवर कोणताही भारतीय मोठ्या चार स्पर्धांत एवढ्या वर पोहोचला नव्हता. आजच्या व्यावसायिक दौऱ्यावर रडारशिवाय चालणारा सराव शोधावा लागेल, तेव्हा लाहिरीने यंत्र टाळले असे मी म्हणत नाही. त्याच्या घडणीत यंत्राच्या आधी आणि यंत्राच्या नंतर माणसे होती, असे म्हणतो. टोकियो ऑलिंपिकमध्ये चौथी आलेली अदिती अशोक हे दुसरे उदाहरण. त्या स्पर्धेत तिचे ड्रायव्हरचे फटके मैदानातल्या सर्वांत आखूड फटक्यांपैकी होते. केवळ वेगाचा आणि लांबीचा तक्ता बघून निवड करणाऱ्याने तिला पहिल्या पानावरून काढून टाकले असते. तिची आई तिची कॅडी म्हणून सोबत चालत होती, आणि अदिती ग्रीनवर चेंडूमागून चेंडू होलमध्ये टाकत होती. त्याच ऑलिंपिकमध्ये पुण्याच्या उदयन मानेला अगदी ऐन वेळी, अर्जेंटिनाच्या खेळाडूने माघार घेतल्यावर, बोलावणे आले. असे बोलावणे येते तेव्हा स्विंग दुरुस्त करायला वेळ उरलेला नसतो. आत जे साठवलेले असते तेच घेऊन जावे लागते.

राहिला समतेचा मुद्दा, आणि मला तो सर्वांत जास्त लागतो. 'यंत्रामुळे गोल्फ लोकशाही झाला, आता क्लबचा महागडा प्रशिक्षक नको, गावातला मुलगाही मोबाइलवर शिकेल' असे सांगितले जाते. ऐकायला फार छान. पण बघा, चांगले रडार कित्येक लाखांचे. सिम्युलेटरचा तास मजुराच्या दिवसाच्या मजुरीपेक्षा महाग. मोबाइलचे चित्रण स्वस्त आहे हे खरे, पण चित्रण बघून काय बघायचे ते सांगणारा माणूस लागतोच, आणि तो स्वस्त झालेला नाही. आकड्यांची अकादमी ही आज तरी ज्यांच्याकडे आधीच सगळे आहे त्यांच्याच मुलांसाठी आहे.

या देशात गोल्फ ज्या वाटेने खऱ्या अर्थाने खाली उतरला ती वाट वेगळी होती. दिल्लीचा अली शेर कॅडी होता, त्याने 1991 आणि 1993 मध्ये इंडियन ओपन जिंकली. बंगळुरूचा सी. मुनियप्पा कॅडी होता, त्याने 2009 मध्ये जिंकली. शिवशंकर प्रसाद चौरसिया हा रॉयल कलकत्ता क्लबवर गवताची निगा राखणाऱ्याचा मुलगा, त्याने 2016 आणि 2017 अशी सलग दोन वर्षे जिंकली. या माणसांना कोणी समग्र प्रशिक्षण दिले नाही आणि रडारही दिले नाही. दुसऱ्याची बॅग खांद्यावर घेऊन ते रोज मैलोन्‌मैल चालले. शेकडो वेगवेगळे हात, वेगवेगळे स्वभाव, चांगला फटका बिघडवणारा राग, वाईट फटका सावरणारा शांतपणा, हे सगळे त्यांनी जवळून पाहिले. मैदानाचा प्रत्येक उतार पायाखाली घातला. मिळेल त्या जुन्या क्लबने मिळेल त्या वेळी सराव केला. त्यांच्या गरिबीचे कौतुक मी करणार नाही. त्यांच्यासारखे कितीतरी जण वर येऊच शकले नाहीत, आणि त्यातल्या अनेकांना नेमका तोंडाचा कोन सांगणारे कोणी असते तर ते आले असते, असे मला मनापासून वाटते. यंत्राची खरी गरज त्यांना होती. जो पाहायला, चालायला, सोसायला आधीच शिकला आहे त्याच्या हातात आकडा दिला तर त्या आकड्याचे सोने होते. आपण मात्र ते यंत्र अशा मुलाला देतो ज्याने अजून मैदान पाहिलेले नाही, आणि ज्याला मैदान तोंडपाठ आहे त्याला त्या खोलीच्या दाराबाहेर उभे करतो.

हा उलटा क्रम बदलता येतो, आणि त्यासाठी मोठा खर्च लागत नाही. मुलाने आधी सांगायचे, चेंडू कुठे लागला, तोंड उघडे होते की बंद. मग पडदा बघायचा. त्याचा अंदाज आणि आकडा यांतले अंतर महिन्यागणिक कमी होते आहे का, हीच त्याची खरी प्रगती. सुरुवातीला मोजा, मग पडदा झाका, चार-सहा दिवस गवतावर आणि उतारावर खेळवा, मग पुन्हा मोजा. पावसात मैदान बंद असेल तेव्हा सिम्युलेटर जरूर वापरा, पण जमीन मोकळी झाल्यावर आठवड्यातले निम्म्याहून अधिक तास बाहेर गेले पाहिजेत. प्रशिक्षकाने वहीत आकड्यांशेजारी मुलाची झोप, शाळा, दुखणे, घरातली ओढाताण लिहावी. मी दोन्ही गोष्टी निम्म्या-निम्म्या करा असे सांगत नाही. प्रश्न माणसाने विचारायचा आणि यंत्राने उत्तर द्यायचे, असा क्रम ठेवा. तो क्रम असेल तर दिवसभर यंत्र चालू ठेवले तरी बिघडणार नाही.

पालकांना माझी विनंती आहे. अकादमीत पैसे भरण्याआधी प्रशिक्षकाला पडदा बंद करायला सांगा आणि तुमच्या मुलाचा फटका बघून काय दिसते ते विचारा. मग त्याला मुलाला घेऊन उतारावर चालायला सांगा. जो प्रशिक्षक या दोन्ही वेळी गडबडेल त्याच्याकडे मूल पाठवू नका, त्याचे यंत्र कितीही महाग असो. आणि क्लबांना एक मागणी आहे. बऱ्याच क्लबांत सोमवारी मैदान सभासदांना बंद असते आणि त्या दिवशी कॅडींना खेळू देण्याची पद्धत आहे. त्याच सोमवारी रडारची खोलीही त्यांच्यासाठी आणि त्यांच्या मुलांसाठी उघडा, आणि तिथे एक प्रशिक्षक बसवा. त्या कॅडींच्या मुलांत आमच्या डोंगरातून मुंबईला आलेल्यांची मुले आहेत. उतार त्यांना शिकवावा लागणार नाही.